काना-मात्रा फुकट

अक्षरामागे दोन रुपये,
काना-मात्रा फुकट.
दर वडिलांनी बांधला, आण्यांच्या काळात.
मी फक्त आकडा बदलला.

निपाणीत डबी कुणाकडे नाही?
कनवटीला, कोपरीच्या खिशात, चोळीत खोचलेली,
पितळी, जर्मनची, क्वचित चांदीची.
एका कप्प्यात तंबाखू, दुसऱ्यात चुना,
नाहीतर नुसती तपकीर, झाकण घट्ट,
उघडताना नखाएवढा आवाज.

लोक देतात एकमेकांना.
जावयानं सासऱ्याला, ‘सप्रेम भेट’.
व्यापाऱ्यानं दिवाणजीला, पस्तीस वर्षांबद्दल:
व्यापाऱ्याचं नाव वर, थोरलं,
दिवाणजीचं खाली, जागा उरली तेवढ्यात.
संकेश्वरच्या एकानं भावासाठी घालून घेतलं नाव
आणि न्यायला आलाच नाही.
ती डबी गल्ल्यात आहे अजून,
तीत मी छिन्नीची मोडकी टोकं ठेवतो.
कुणी विचारतं, मराठीत घालू की कन्नडात?
मी म्हणतो, हाक ज्यात मारता त्यात.

शनिवारी, बाजार उठताना,
वखारीतल्या बायका आल्या.
सतरा जणी, उंबऱ्यात मावेनात.
लुगड्यांना पानाची धूळ. मी दोनदा शिंकलो,
त्या हसल्या.
त्यांच्यातल्या कुणालाच आता शिंक येत नाही.

मैमूननं रुमालाची गाठ सोडली, सुटे पैसे.
“तायव्वा काम सोडतीया.
डोळं गेलं तिचं, पानाचा रंग कळंना.
डबी द्यायची हाय. नाव घाल.”
कुणाचं?
“तिचं. आन् आमचं. समद्यांचं.”

मी बोटांवर मोजलं.
शेवंता तीन, मैमून तीन, काशव्वा तीन,
बाकीच्या धरून बावन्न अक्षरं
आणि झाकण माझ्या तळहाताच्या खळग्याएवढं.
मावत नाहीत, म्हटलं.
चंद्राक्का पुढं झाली:
“काना फुकट म्हणतोस न्हवं?
मग आमचं कानंच घाल नुसतं.”

हसणं विरलं तेव्हा मागून एक जण,
पदर तोंडाशी धरून,
“तिला वाचता कुठं येतंय.
आमालाबी न्हाई.”

चाळीस वर्षांत मी नावंच घातली:
कळशीवर, परातीवर, लग्नातल्या ताटांवर,
देवळाच्या घंटेवर एकदा.
ती कोण वाचतं, हे कधी विचारलं नव्हतं.

त्यांच्याकडनं एक पान मागून घेतलं.
रात्री दिव्याखाली धरलं,
वाळकं, माझ्या हातात कडकडणारं.
मधली जाड शीर, तिला फुटलेल्या बारक्या.
मोजल्या, बारा होत्या.
मी सतरा घातल्या.
चौदाव्या वेळी छिन्नी घसरली,
पितळेवर कच खोलवर गेली, वाकडी.
घासून जाईना. तशीच ठेवली.

वहीत काय लिहू? पानात अक्षर नाही.
रुमाल तसाच परत केला, गाठ मारून.
चंद्राक्का भांडली, अर्धे ठेवून गेली.

आठवड्यानं तायव्वा स्वतः आली,
नातवाच्या खांद्यावर हात ठेवून.
“ह्येच का दुकान?”
डबी काढली, अंगठा ठेवला देठाशी.
त्या अंगठ्यानं जन्मभर
पानातून शीर ओढून वेगळी केली,
एका हिसक्यात, पान न फाटता.
टोकापर्यंत गेली, थांबली, पुन्हा देठाशी आली.

“शिरा ऱ्हायल्यात की रे पोरा.”

मी गप्प.

“मुकादमानं माल परत टाकला असता.”
असं म्हणत चिमूट काढली, ओढली,
झाकण लावलं,
तरी अंगठा फिरतच होता, एकेका शिरेवरनं,
सावकाश, जणू वखारीतली रांग
या टोकापासून त्या टोकापर्यंत.
वाकड्या कचेपाशी अडला.

“ही शेवंता,” म्हणाली.
“हात असाच घसरतो तिचा.”